व्हर्ननच्या नावावरचा अर्धा माणूस

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता दोन सरकारी माणसांनी आमच्या घरी अर्धा माणूस आणून दिला. उजवा अर्धा. एकाने त्याच्या काखेत हात घातला होता. दुसऱ्याला धरायला दुसरी काख नव्हती, म्हणून त्याने कमरेचा पट्टा धरला होता.

मी कणीक मळत होते. तशीच दारात गेले.

"व्हर्नन हॅस्केल इथेच राहतात ना?"

"इथेच. मागे शेडमध्ये आहेत. पण हे काय आणलंय तुम्ही?"

"त्यांच्या नावावरचा आहे. इतकी वर्षं गोदामात होता. आता गोदाम बंद होतंय, म्हणून ज्याचा त्याला पोचवतोय. इथे सही करा, बाई."

"आणि उरलेला?"

त्याने कागद उलटून पाहिला. "डावा अर्धा ओक्लाहोमाला गेला. लॉइड प्रुइट यांच्याकडे."

मी पिठाच्या हाताने सही केली. त्यांनी अर्ध्या माणसाला स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकवलं, टोप्या काढून मला नमस्कार केला आणि गेले. घ्या! म्हणजे आता पाहुण्याचं बघा.

मी नर्स आहे, त्यामुळे कापलेली बाजू आधी बघितली. रक्त नाही, हाड नाही. साबणाची वडी सुरीने कापल्यावर आतून दिसते तशी पांढरट आणि गुळगुळीत. हात लावला तर गार. बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. एक डोळा, एक कान, एक नाकपुडी, अर्धे ओठ. अंगावर विमान चालवणाऱ्यांचा पोशाख आणि पॅराशूटचे पट्टे, तेही बरोबर मधोमध कापलेले. चिनी होता. वय फार तर बावीस. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्याची पापणी लवत होती.

मी मूळची मिरजेची. मिशनच्या कंपाउंडात वाढले, तिथेच नर्सिंग शिकले आणि बहात्तर साली अमेरिकेत आले. व्हर्नन माझा पेशंट होता. माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात पाठीच्या ऑपरेशनसाठी आला आणि बरा झाल्यावर दर शनिवारी काहीतरी दुखतंय म्हणून परत यायला लागला. चौथ्या शनिवारी मी म्हटलं, मेल्या, सरळ विचार की. त्याने विचारलं. कॅन्ससमधल्या गव्हाच्या शेतांत आमचं घर आहे. तेविसाव्या वर्षी तो कोरियाच्या लढाईत होता, एकट्याच्या छोट्या जेट विमानात, शत्रूची विमानं पाडायच्या कामावर. परत आल्यावर वीस वर्षं कपाशीवर औषध फवारायचं विमान चालवलं. पहिली बायको सोडून गेली, कारण तो दर दहा सेकंदांनी मान वळवून मागे बघतो. ती सवय त्यांना लावतातच, मागून कोणी येत नाही ना बघायची. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा माझं तोंड पुढे आहे आणि नवरदेवाचं मागे. मला त्याचं काही वाटलं नाही. माणूस मऊ होता. डाव्या हाताने माझे केस मागे सारायचा आणि उजव्या हाताने कधी माशीसुद्धा मारली नाही.

तो अकराच्या कॉफीला आत आला, चौकटीकडे बघितलं आणि खुर्चीत बसला.

"ओळखतोस याला?" मी विचारलं.

"माझा आहे," तो म्हणाला. "अर्धा."

मग त्याने रीत सांगितली. त्यांच्यात कोणी विमान पाडलं की ते त्याच्या नावावर लागायचं. दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाच्या नावावर अर्धं अर्धं. व्हर्ननच्या नावावर अडीच होती. जोडीला, त्याच्या मागून उडणारा लॉइड प्रुइट, त्याच्या नावावर नुसतंच अर्धं.

"मग तुझे बाकीचे दोन कुठे आहेत?"

"ते पूर्ण होते. पूर्ण माणूस पुरता येतो. अर्धा पुरता येत नाही."

हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. मी विचारलं, त्या दिवशी नेमकं काय झालं.

"त्याचं विमान पेटलं. त्याने उडी मारली, पॅराशूट उघडलं. मी जवळून गेलो आणि हात हलवला. विमान पाडायचं, पण माणूस खाली उतरू द्यायचा. दोन्हीकडचे पाळायचे ते."

"आणि मग तो मेला कसा?"

व्हर्ननने मान वळवून मागे बघितलं. "कॉफी आहे का?" तो म्हणाला.

पाहुणा अर्धा असो की दीड, त्याला जेवायला घालायचं, एवढं मला आईने शिकवलंय. मी त्याला अर्धी पोळी आणि वाटीभर आमटी द्यायचे. एका हाताने तो नीट जेवायचा, खाली सांडायचा नाही. दिवसभर चौकटीला टेकून उभा राहायचा, कापलेली बाजू भिंतीकडे करून. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, पूर्ण माणूस आहे आणि अर्धा भिंतीत गेलाय. पोस्टमनने त्याला दोनदा गुड मॉर्निंगही केलं.

रोज सकाळी साडेअकराला तो एक वाक्य बोलायचा, आणि तेही अर्धं. कुठल्या भाषेत बोलायचा ते माझ्या कधी लक्षात आलं नाही, पण मला कळायचं. व्हर्ननला ऐकू यायचं नाही. जेटच्या आवाजाने कान गेलेत म्हणायचा. मी शेजारच्या खोलीत हळू आवाजात बहिणीशी फोनवर त्याची निंदा करते ती मात्र त्याला बरोबर ऐकू येते.

पहिल्या दिवशी तो म्हणाला, "इथल्या भिंती."

मी वाट बघितली. पुढे काही नाही. मग मी ओक्लाहोमाला ओपलला फोन लावला. ओपल म्हणजे लॉइडची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलेली, गडगडाटी हसणारी बाई. दर नाताळात आमचं बोलणं व्हायचं.

"ओपल, तुमच्याकडे पण आलाय ना?"

"आलाय की! धुण्याच्या मशीनला टेकवून ठेवलाय. आत्ताच म्हणाला, 'गार आहेत'."

इथल्या भिंती गार आहेत. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण भीती वाटली की मला हसू येतं, आणि तिचंही तसंच असावं. मी त्याच्या पाठीमागे, म्हणजे होती तेवढ्या पाठीमागे, रजई लावून दिली.

मग रोज साडेअकरानंतर आमचा फोन ठरूनच गेला. माझ्याकडे पहिला अर्धा, तिच्याकडे दुसरा.

"माझ्या आईने," माझ्याकडचा म्हणाला.

"अजून दार उघडं ठेवलंय," ओपलकडचा म्हणाला.

त्या दिवशी आम्ही हसलो नाही. ओपल म्हणाली, "प्रेमला, याची आई आता ऐंशीची असेल गं." मी म्हटलं, असेल. त्या दिवशी मी त्याला पूर्ण पोळी वाढली आणि त्याने ती संपवली.

पंधराव्या दिवशी तो म्हणाला, "मला बघून."

ओपलने फोनवर वाचून दाखवलं. ती सगळं कॅलेंडरवर लिहून ठेवायची. "'हात कोणी हलवला?'"

"व्हर्ननने," मी लगेच म्हटलं. "त्याने सांगितलंय मला."

"काहीतरीच काय! लॉइडने हलवला. सदतीस वर्षं सांगतोय तो."

"तुझा लॉइड मागे होता ना, मग तो कसला हलवतोय?"

"तुझा नवरा काय देव लागून गेला?"

आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी फोन आपटला. बाई आहे की कोण, असंही बोलले, पण ते फोन ठेवल्यावर.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला माझ्याकडचा म्हणाला, "आणि पॅराशूटवर."

मी फोन करणार नव्हते. भाजी चिरली, कपडे वाळत घातले, परत आत आले. दीड वाजता केला. पहिल्याच रिंगला ओपलने उचलला.

"सांग ना गं," मी म्हटलं.

"'गोळ्या कोणी झाडल्या?'"

मग दोघी एकाच वेळी म्हणालो, "माझा नव्हे." आणि फोन ठेवले. त्या दिवसापासून तो दुसरं काही बोललाच नाही. एक दिवस हात, एक दिवस गोळ्या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याला अंघोळ घालताना मला दिसलं की तो वाढलाय. कापलेल्या बाजूला बोटभर रुंदीची पट्टी आली होती, डोक्यापासून मांडीपर्यंत. पट्टी त्याची नव्हती. त्याची कातडी तरण्या पोराची, आणि ही सैल होती, तिच्यावर वयाचे तपकिरी डाग होते आणि छातीपाशी पांढरे केस. त्यातला एक डाग मी ओळखते. वर्षानुवर्षं त्याच्यावर डोकं ठेवून झोपलेय.

व्हर्ननला बोलावलं, शर्ट काढायला लावला. त्याचा डावा खांदा बोटभर आत आला होता. दंड, कोपर, हात सगळं होतं, पण गळ्याच्या जवळ सरकलं होतं, आणि मनगटावरचं घड्याळ सैल झालं होतं. मी नाडी बघितली. उजव्या हाताला बहात्तर. डाव्या हाताला एकशे वीस. मी घड्याळ बदलून परत बघितली. उजव्या हाताला बहात्तर, डाव्या हाताला एकशे वीस. डावी नाडी तरुण होती. उरात धडकी भरल्यावर पळते तशी पळत होती.

"दुखतंय का?"

"नाही," व्हर्नन म्हणाला. "पण डाव्या हाताला कुठेतरी थंड वारा लागतोय."

त्यानंतर घरही डावीकडून कमी व्हायला लागलं. शेगडीचा डावा बर्नर भिंतीत गेला. डावीकडच्या खोलीत जायचं तर अंग चोरून जावं लागायचं, पुढे पुढे तेही जमेना, मग मी आतलं सामान काठीने ओढून काढलं. पलंगावर एकालाच झोपता यायचं. व्हर्ननला तिथे झोपवून मी खुर्चीत बसायचे. शेजारीपाजारी कोणी काही म्हटलं नाही. आमच्या आवाराचं फाटक अर्धं झालं, तर समोरचा म्हातारा म्हणाला, छान दिसतंय.

मी पावतीवरचा नंबर फिरवला. एका बाईने उचलला, आवाज अगदी गोड.

"अर्धा माणूस आपली भरपाई करतोच, बाई," ती म्हणाली. "तुमच्याकडचा उजवा आहे, तो तुमच्या मिस्टरांचा डावा घेईल. ओक्लाहोमातला डावा आहे, तो तिथल्या मिस्टरांचा उजवा घेईल."

"आणि आम्हाला काय राहणार?"

"घेऊन उरेल ते."

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. मी म्हटलं, "अहो बाई, सतरा वर्षांपूर्वी एकटी बॅग घेऊन या देशात आले मी. आईबाप तिकडे वारले, मला जाता आलं नाही. या एका माणसाशिवाय इथे माझं कोणी नाही. मला तो पूर्ण पाहिजे. काय करायचं ते सांगा."

तिने कागद चाळल्याचा आवाज आला. "दोघांपैकी एकाने पूर्ण माणूस स्वतःच्या नावावर घ्यायचा. ज्याने मारला त्याने. फॉर्म पाठवते. सही झाली की दोन्ही अर्धे एक होतील. पण लक्षात घ्या, आमच्या कागदांत तो अजून खाली उतरलेला नाही, हवेतच आहे. सहीनंतर तो उतरेल. पाय जमिनीला लागले की घेतलेलं सगळं परत करेल, मग तुम्ही त्याला पुरा."

"मुदत किती?"

"ही भरपाई हृदयापर्यंत पोचायच्या आत. मग सही चालत नाही."

"आणि नाहीच उतरला तर?"

"मागच्या वेळी नाही उतरला," ती म्हणाली आणि तिने अदबीने फोन ठेवला.

हृदयाचं टोक छातीच्या मधल्या रेषेपासून साधारण पाच बोटांवर असतं. मी रोज सकाळी त्या पट्टीची रुंदी मोजायला लागले. वीस एप्रिलला तीन बोटं. एक मेला साडेतीन. फॉर्म आला तो मी व्हर्ननच्या पुढ्यात ठेवला.

"लॉइडने करावी सही," तो म्हणाला.

"का? त्याने झाडल्या?"

"आमचं ठरलंय. एकमेकांना विचारायचं नाही."

"मी कुठे एकमेकांतली? मी विचारतेय."

त्याने मान वळवून मागे बघितलं. मागे भिंत होती, आणि ती आता त्याच्या इतकी जवळ आली होती की नाक घासलं. मी ओरडले, भांडले, शेवटी रडलेही. तो डाव्या हाताने माझे केस मागे सारत राहिला आणि मला त्याच्या बोटांतून ती दुसऱ्याची नाडी लागत होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोणावर चिडायचं?

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चार बोटं भरली. मी ओपलला म्हटलं, आता निघाच. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं पिकअपमधून आली, मागे गादीवर डावा अर्धा आडवा घालून. लॉइड उंच, वाळकुडा, हसतमुख माणूस. त्याचा उजवा खांदा गळ्याला येऊन टेकला होता. ओपलने मला मिठी मारली आणि आम्ही आमच्या भांडणाबद्दल काहीच बोललो नाही.

दोन्ही अर्धे आम्ही सोफ्यावर शेजारी शेजारी बसवले. ते जुळेनात. मधे चार बोटं व्हर्नन होता आणि चार बोटं लॉइड. दोन म्हाताऱ्यांच्या पट्ट्या, आणि दोन्ही टोकांना ते एकच तरुण पोर. त्याचे दोन डोळे वेगवेगळ्या वेळी लवत होते.

"काढ तो कागद," लॉइड म्हणाला. "मी करतो सही. त्यात काय एवढं."

त्याने डाव्या हातात पेन घेतलं. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. मी स्वतः कागद त्याच्यापुढे सरकवला, वर कोपरा धरून ठेवला. ओपल माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत झाली नाही.

तेवढ्यात सोफ्यावरच्या दोघांनी तोंड उघडलं. साडेअकरा वाजून कधीच गेले होते. पण ते बोलले, आणि पहिल्यांदाच वाक्य एकाच खोलीत पूर्ण झालं.

"मला बघून हात कोणी हलवला?"

व्हर्ननची मान जागच्या जागी थांबली. यावेळी त्याला ऐकू आलं होतं.

"मी," तो म्हणाला.

"आणि पॅराशूटवर गोळ्या कोणी झाडल्या?"

लॉइड म्हणाला, "व्हर्न, गप बस."

"मी," व्हर्नन म्हणाला.

मला कळेना. मी मूर्खासारखं विचारलं, "म्हणजे आधी हात हलवलास आणि मग..."

"आधी नाही. एकदमच." त्याने दोन्ही हात पुढे धरून दाखवलं. डावा इंजिनाच्या दांडीवर, उजवा विमान वळवायच्या दांडीवर. "डावा सोडला आणि वर केला. असा. उजवा दांडीवरच होता, ट्रिगर तिथेच असतो. तो माझ्याकडे बघत होता. त्यानेही हात वर केला. आणि माझं बोट आवळलं गेलं."

"का?" मी विचारलं.

"माहीत नाही, प्रेमला."

"चुकून?"

त्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. "नाही," तो म्हणाला.

लॉइडने पेन खाली ठेवलं. "मी मागे होतो," तो ओपलला म्हणाला. "सगळं बघितलं. उतरल्यावर जीपमध्ये बसलो तर हा दातावर दात आपटत होता, त्याला शब्द बोलता येईना. तेविसाचा होता गं. मी म्हटलं, आपण दोघांनी पाडलं सांगू. अर्धा मला दे. वाटून घेतलं की हलकं होईल."

"नाही झालं हलकं," ओपल म्हणाली.

"नाही झालं."

"आणि मला सदतीस वर्षं सांगितलंस, मी हात हलवला."

"अर्धा मी घेतला होता ना," लॉइड म्हणाला. "मग अर्धा हातही माझाच."

मी व्हर्ननकडे बघत होते. चार बोटं गेली होती ती डावीकडची. जो हात वर झाला, त्या बाजूची. ही मोजणी अशीच चालली असती तर माझ्याकडे राहिला असता तो दुसरा. मला त्या क्षणी त्याची किळस आली. भीती वाटली. या माणसाच्या शेजारी मी इतकी वर्षं झोपले, आणि त्याचा उजवा हात माझ्या अंगावर असायचा. आणि एवढं सगळं कळूनही मला तो पूर्णच पाहिजे होता, याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.

"कर सही," मी म्हटलं.

त्याने उजव्या हाताने सही केली. सुंदर, गोलसर अक्षर, एकदाही न थरथरता.

सोफा रिकामा झाला. बसल्याचे दोन खळगे होते, ते सावकाश भरून आले आणि मधे एकच खळगा पडला, तोही भरून आला. ओपल म्हणाली, "कुठे गेला?" लॉइडने छताकडे बोट केलं.

आम्ही चौघं मागच्या दाराने बाहेर पडलो, एकेक करून, कारण दार तेवढंच उरलं होतं. बाहेर लख्ख ऊन होतं. गहू कमरेइतका, अजून हिरवा. वारा नव्हता. आणि वर, खूप वर, पांढरं पॅराशूट उघडं होतं, त्याच्याखाली एक माणूस. पूर्ण. दोन हात, दोन पाय. तो सावकाश खाली येत होता, थेट आमच्या शेतावर.

"येतोय," ओपल म्हणाली. "ये रे बाबा, ये."

लॉइडने टोपी काढली. मला त्या पोराची आई आठवली, जिला मी कधी बघितलेलं नाही. ये बाळा, मी मनात म्हटलं. पाय टेकव. अंगण तुझंच समज.

तो इतका खाली आला की त्याचा चेहरा दिसायला लागला. दोन्ही डोळे एकदम लवत होते. त्याने आम्हाला बघितलं. व्हर्ननला बघितलं, आणि हात वर केला.

शेजारी व्हर्ननचा डावा हात हळूच वर गेला.

मी झडप घालून त्याचा उजवा हात धरला. त्यात काही नव्हतं, नुसताच रिकामा हात, तरी दोन्ही हातांनी धरला, मनगट आणि मूठ, बेभान पेशंटला धरतात तसा, सगळा भार टाकून. व्हर्ननने माझ्याकडे बघितलंही नाही. तो वर बघत हसत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"येऊ दे त्याला," मी म्हटलं. "व्हर्नन, ऐक माझं. खाली येऊ दे."

"येऊ देतोय," तो म्हणाला.

त्याचा डावा हात हवेत हलत होता. जमीन आता तीस फुटांवर होती, मग वीस. माझ्या बोटांखाली उजव्या मनगटाची नाडी लागत होती. बहात्तर. एक ठोका जास्त नाही, एक कमी नाही. आणि माझ्या मुठीत त्याचं पहिलं बोट आवळायला लागलं.